मानाचा नारळ

लगमाण्णाचा हात पहिल्यांदा हलला तेव्हा ते त्याला स्वतःला कळलंच नाही. कळलं त्याच्या बायकोला, राजाबाईला. निपाणीपासून दोन-अडीच कोसांवर हिरेमाळ म्हणून धनगरांची वाडी होती. तिथं घरापुढच्या कट्ट्यावर लगमाण्णा उन्हाला बसला होता. धनगराच्या हातात टकळी नसली की त्याला उघडंबोडकं वाटतं. मेंढरांमागं चालताना कातील, बाजारात घासाघीस करताना कातील, कुणाच्या मयताला जाऊन बसला तरी बोटं लोकर वळतच असतील. त्या दिवशी मात्र लोकर संपली होती, टकळी बाजूला पडली होती आणि उजवा हात मांडीवर मोकळा होता. तरी अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरत होती, फिरतच होती.

"अवं, लोकर सरली की," राजाबाई दारातून हसत म्हणाली. "आता काय वारं कातालायसा व्हय?"

लगमाण्णानं खाली बघितलं. बोटांना त्यानं मनातल्या मनात 'थांबा' म्हटलं. बोटं ऐकेनात. टकळी उचलली, तशी गप्प झाली. खाली ठेवली, की पुन्हा सुरू. त्यालाही हसू आलं. "कामाची सवय लागलीया हाताला," तो म्हणाला, आणि दोघंही ते विसरून गेली.

आता हा लगमाण्णा कोण, ते सांगायला पाहिजे. पन्नाशी ओलांडलेला, उंच, हाडापेरानं दणकट गडी. मेंढरं वाडीत सगळ्यांचीच होती, त्यात काय विशेष? त्याची ओळख वेगळी होती. तो बिरोबाच्या नारळाचा मानकरी होता.

कार्तिकात बिरोबाची जत्रा भरायची. ढोल-कैताळ घुमायला लागले की मानकऱ्यानं फेटा उतरवून देवापुढच्या धोंड्यावर बसायचं. पुजाऱ्यानं त्याच्या डोक्यावर भंडाऱ्याची ओंजळ ओतायची आणि त्याच डोक्यावर नारळ वाढवायचा. हो, वाढवायचाच. देवाच्या नारळाला 'फोडला' म्हणायची सोय नाही आपल्यात. पहिला नारळ देवाचा, मग ज्यांनी ज्यांनी नवस बोलले त्यांचे. कुणाला पोर झालं, कुणाची मेंढरं रोगातनं वाचली, कुणी चिकोडीच्या कोर्टात जिंकलं, सगळ्यांचे नवस लगमाण्णाच्या टाळूवर फिटायचे. शेवटी शेवटी त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची, कानात घुं व्हायचं, कधी ओकारी यायची. एका वर्षी तर तो जत्रेनंतर आपलंच घर विसरून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला होता. लोक म्हणायचे, यंदा देव जड आला. पहिल्या जर्मन लढाईच्या सुमाराला बाप गेला आणि मान लगमाण्णाकडं आला. तेव्हापासून त्याची एक जत्रा चुकली नव्हती. टाळूवर घट्टा पडला होता. राजाबाई डोक्याला तेल घालताना म्हणायची, "हितं तेल मुरतच न्हाय बगा."

तर हलणारा हात पुढं एकदा नागोजी पुजाऱ्यानं बघितला. नागोजी म्हणजे वाडीचं हायकोर्ट. तो बोलला की संपलं. देवळात पंच बसले होते, लगमाण्णाही बसला होता, हात मांडीवर होता. नागोजीचं बोलणं अर्ध्यात तुटलं. त्यानं डोळे मोठे केले, उठून आला आणि चक्क लगमाण्णाच्या पायावर डोकं ठेवलं.

"वारं! आरं, बिरोबाचं वारं उतरलंय हातात! ह्याच्या बाच्या हातात उतरलंतं, आज्याच्या हातात उतरलंतं. ज्या घरात वारं त्या घरात मान. चांगभलं!"

"चांगभलं!" सगळे ओरडले.

झालं. दुसऱ्या दिवसापासून माणसं दारात. लेकुरवाळ्या बाया पोरांना आणून त्या हलत्या हाताखाली धरायच्या. शेजारच्या गावांतून म्हातारे यायचे, बोटांकडं बघत बसायचे. खोटं कशाला बोला, लगमाण्णालाही आधी बरं वाटलं. छाती फुगली. राजाबाईच तेवढी एकदा पुटपुटली, "कामाला हात लावला की देव पळतोय कुठं, कुणाला दक्कल. मेंढरं धरताना हात गप, टकळी धरली की गप, आन् रिकामा बसला की वारं. ह्या देवाला काम आवडत न्हाय वाटतं." म्हणाली आणि लगेच स्वतःच्या गालावर थापडा मारून घेतल्या.

पण देव हातावर थांबला नाही. पाय जड झाले. उंबऱ्यापाशी आला की पाऊल जागच्या जागी चिकटायचं, मागून कुणी बोट लावलं की सुटायचं. चेहरा मख्ख झाला. सून नवी होती, ती राजाबाईला हळूच विचारायची, "मामंजी माझ्यावर रागावल्यात का वो?" बिचारा रागावला नव्हता. हसत होता. ते हसू तोंडापर्यंत पोचत नव्हतं.

आणि आवाज गेला. लगमाण्णाची हाळी एका माळावरनं दुसऱ्या माळावर जायची, अशी ख्याती. एका दुपारी वाडीच्या वरच्या अंगाला, दगडाच्या जुन्या खाणीजवळ मेंढरं चरत होती. पुढची मेंढी कडेला गेली, तिच्यामागनं बाकीची. लगमाण्णानं हाळी घातली. म्हणजे त्याला वाटलं, घातली. पायाशी बसलेल्या कुत्र्यानंसुद्धा मान वर केली नाही. त्यानं पुन्हा पोटातून ओरडून बघितलं, घशातून नुसती फुसफुस आली. धावायला गेला तर पाय मातीत रोवलेले. त्याच्या डोळ्यांदेखत पुढची मेंढी खाणीत गेली, तिच्यामागं दुसरी. मग कुत्र्याचं ध्यान गेलं म्हणून बाकीची वाचली. लगमाण्णा तिथंच खडकावर बसला. देव हातात उतरलाय म्हणतात, मग तो माझी हाळी कशाला घेऊन गेला?

त्या दिवशी त्याला बाप आठवला. बापाचं शेवटचं वर्ष. घोंगड्यावर बसवलेला, हात हलतोय, तोंडातनं लाळ, आंबील घशाखाली उतरेना, चेहरा लाकडाचा. लोक पायावर भंडारा वाहायचे. त्या हलत नसलेल्या तोंडावरून कधीकधी डोळ्यांचं पाणी वाहायचं. तरणा लगमाण्णा पुसायचा आणि सगळ्यांना सांगायचा, आप्पाच्या डोळ्यांतनं आनंदाचं पाणी येतंय. आता खाणीच्या कडेला बसल्या बसल्या त्याला उमगलं. आनंद कसला! म्हातारा भ्याला होता. बोलता येत नव्हतं म्हणून भीत भीत मेला, आणि आपण त्याच्या पाया पडत होतो.

लोकर घेऊन बेळगावला जायचं होतं. दर वर्षाची पद्धत होती, खडेबाजारातला एक घोंगड्याचा व्यापारी ओळखीचा होता. ह्या खेपेला लगमाण्णाबरोबर त्याचा मुलगा मायाप्पा आला. मायाप्पा विशीतला, नुकतं लग्न झालेला, बापासारखाच उंच. पुढच्या कार्तिकात मान त्याच्याकडं जायचा होता, बापाचे पाय धरेनात म्हणून. गडी नुसता उड्या मारत होता. निपाणीहून मोटारीत बसल्यापासून त्याचं एकच चाललं होतं, धोंड्यावर बसताना डोळे मिटायचे का उघडे ठेवायचे?

व्यापाऱ्यानं लगमाण्णाला बघितलं आणि तो म्हणाला, "पाव्हणं, तुमी आमच्या डॉक्टरला दाखवाच." त्यानं माणूस बरोबर देऊन गल्लीतल्याच दवाखान्यात धाडलं. डॉक्टर हलगेकर. चांगला माणूस होता, वसकन् अंगावर येणारा नव्हता. त्यानं लगमाण्णाला चालायला लावलं, वळायला लावलं, हात धरून कोपर वाकवून बघितलं, बोटांकडं बराच वेळ बघत बसला.

"कंपवात म्हणतात याला. इंग्रजीतही एक नाव आहे," डॉक्टर म्हणाला. "बरा होतो असं मी सांगणार नाही. खोटा धीर देऊन काय करू? थोडं सुसह्य होईल असं औषध देतो. मला आधी काही गोष्टी सांगा. कुठल्या खाणीत काम केलंत का कधी? काळा दगड दळायचं काम, भट्टीवरचं?"

"न्हाय जी. मेंढरं."

"बंद खोलीत कोळशाच्या धुरात कोंडले गेला होतात? बेशुद्ध पडलात कधी असं?"

"न्हाय."

"लढाईनंतर एक ताप आला होता, माणसं झोपूनच राहायची. तसा आला होता?"

"न्हाय जी. ताप म्हंजे काय ते म्हाईत न्हाय आमाला."

"विहीर कुठली? पाण्याला वास, रंग?"

"बिरोबाची हीर. ग्वाड पानी."

डॉक्टरनं मान हलवली. मग म्हणाला, "डोक्याला मार? कधी डोक्याला जोराचा मार लागलाय? पडून, भांडणात, कुस्तीत? परदेशात मुठीनं मारामारी करायचा खेळ असतो. त्यातल्या पैलवानांना पुढं अशीच थरथर लागते, असं तिकडच्या डॉक्टरांनी लिहिलंय."

लगमाण्णानं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. लहानपणी आंब्यावरनं पडला होता, पण तो पाठीवर. भांडण त्यानं जन्मात केलं नव्हतं.

"न्हाय जी. डोस्क्याला मार कधीच न्हाय."

दारात मायाप्पा उभा होता. त्यानंही मान हलवली, नाही म्हणून.

"मग मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाला. "कशानं होतं हे नक्की कुणालाच माहीत नाही अजून. नुसत्या शंका आहेत."

बाप-लेक बाहेर आले. मोटारीला अजून वेळ होता. खडेबाजारात नारळवाल्याच्या दुकानापुढं मायाप्पा थांबला. जत्रेला अजून अवकाश होता, पण पोरगं हौसेचं. एकेक नारळ उचलून कानाशी हलवून बघत होता. एक चांगला दणदणीत निवडला, मुठीत तोलला आणि बापाकडं बघून हसत तो आपल्या डोक्यावर टक् करून हळूच आपटला.

"आप्पा, ह्यो कसा काय? यंदा माझं डोस्कं हाय, बगून घ्याय पायजे!"

टक्.

बाजाराच्या भर गर्दीत लगमाण्णा उभ्या जागी थिजला. मार. डॉक्टर मार म्हणाला होता. आणि आपण न्हाय म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. मार म्हणजे वैऱ्यानं घातलेला, पडून बसलेला, रक्ताचा. देवाचा नारळ डोक्यावर येतो तो मार कसा असेल? तो मान. आयुष्यात एकदाही त्याच्या मनात हे दोन शब्द शेजारी आले नव्हते. आता आले, आणि एकमेकांना चिकटून बसले.

"मायाप्पा," त्याच्या तोंडातनं कसंबसं आलं, "नारळ म्हंजे मार का रं?"

"आँ?" मायाप्पाला नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितल्यावर तो हसला. "आप्पा, कायतरीच! नारळ म्हंजे मान."

आणि त्यानं तो नारळ पिशवीत टाकला.

मोटारीत मायाप्पा बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपला. त्याचं डोकं लगमाण्णाच्या गालाशी होतं. दाट काळे केस, खाली कोवळी टाळू. आणि लगमाण्णा नुसता आठवत होता. आजा मानकरी, हात हलत मेला. बाप मानकरी, तसाच मेला. धाकटा चुलता, ज्याला मान नव्हता, तो म्हातारपणी झाडावर चढून पाला तोडायचा. आपण मानकरी. धाकटा भाऊ सिद्दाप्पा, त्याला मान नाही, त्याचे हात दगडासारखे गप. डॉक्टर म्हणाला नक्की नाही. नक्की असतं तर बरं झालं असतं, गावापुढं सांगता तरी आलं असतं. आणि नक्की नाही म्हणून गप बसावं, तर हे डोकं कार्तिकात धोंड्यावर बसणार होतं.

घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदा राजाबाईला सांगितलं. तिनं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, त्याच्या तोंडावर हात दाबला.

"गप बसा! देव ऐकतोय. सून पोटुशी हाय माझी. घरावर कोप आणतासा काय?"

तीही घाबरली होती, तिचा हात त्याच्या तोंडावर थंडगार लागला. मग तो सिद्दाप्पाकडं गेला. सिद्दाप्पा तापट. त्याचा आवाज मोठा, मन त्याहून मोठं, पण आधी आवाजच बाहेर यायचा.

"देवाच्या मानाला मार म्हंतोस, अण्णा? त्या बेळगावच्या डॉक्टरनं काय पाजलं तुला? घराण्याचं नाक कापायला निघालायस!"

"सिदा," लगमाण्णा कुजबुजला, "तू कंदी नारळ घेतला न्हाईस. तुझं हात बघ. आन् माझं बघ."

सिद्दाप्पानं हात बघितले नाहीत. तो पाय आपटत निघून गेला. पण वाटेत विहिरीपाशी तो एकटाच उभा होता आणि दोन्ही हात पुढं धरून बघत होता, असं राजाबाईनं पाणी आणताना पाहिलं.

कार्तिक जवळ यायला लागला तसं लगमाण्णाचं अन्नपाणी तुटलं. एक भीती देवाची. आपण देवाच्या मानाला नावं ठेवतो, बिरोबा ह्याचं काय करील? दुसरी भीती पोराची. आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे हे कळल्यावर तो आणखीच भ्याला. आजवर त्याला देवापेक्षा मोठी भीती कशाचीच वाटली नव्हती. त्यानं ठरवलं, जत्रेत सगळ्यांपुढं उभं राहायचं आणि सांगायचं. नारळ धोंड्यावर वाढवा, माझ्या पोराच्या डोक्यावर नको. मग वाडी वाळीत टाको, नाहीतर देव जीव घेवो.

जत्रेचा दिवस उजाडला. ढोल लागले. देवळापुढचा माळ माणसांनी आणि भंडाऱ्यानं पिवळा झाला. लगमाण्णाला धोंड्याच्या उजव्या अंगाला घोंगड्यावर बसवला होता. हात मांडीवर, हालतोय, लोक येऊन हाताला डोकं लावतायत. सिद्दाप्पा शेजारी उभा. मायाप्पा आंघोळ करून, ओल्या धोतरानं, केस मोकळे सोडून आला. बापाच्या पाया पडला. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे आनंदानं नुसते चमकत होते. धोंड्यावर बसला, मान खाली घातली. नागोजीनं भंडारा ओतला.

आता. लगमाण्णानं तोंड उघडलं. "थांबा," तो म्हणाला. ढोलाच्या दणक्यात ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. "नागोजी, थांब!" ओठ हालले, बाकी काही नाही. नागोजीनं बेळगावचा तो दणदणीत नारळ दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, वर उचलला. लगमाण्णाला वाटलं आपण ओरडतोय, सगळ्या जगाला ऐकू जाईल इतकं ओरडतोय. कुणी वळून बघितलं नाही. खाणीच्या कडेला मेंढरांनी बघितलं नव्हतं, तसंच.

आणि मग काय झालं ते लगमाण्णाला पुढंही कधी सांगता आलं नाही. उंबऱ्याला अडणारे पाय सुटले. तो घोंगड्यावरनं उठला, एका झेपेत धोंड्यापाशी गेला, पोरावर ओणवा झाला आणि त्यानं दोन्ही पंजे मायाप्पाच्या टाळूवर घट्ट दाबून धरले.

नागोजीचा नारळ वरच्या वर थांबला. ढोलवाल्यांचे हात थांबले. सगळ्यांचे डोळे त्या हातांवर होते.

हात हालत नव्हते.

पोराच्या डोक्यावर दाबलेले ते दोन्ही पंजे दगडासारखे गप होते. बोट हालत नव्हतं, नख हालत नव्हतं. कामाला लागले की ते असेच गप होतात हे फक्त घरात ठाऊक होतं. गावानं त्यांना देवळात नि दारात रिकामं बसलेलंच बघितलं होतं.

"वारं उठलं," कुणीतरी बाई म्हणाली.

"वारं गेलं!"

नागोजीचं तोंड उतरलं. त्यानं नारळ छातीशी धरला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "देव उठला ह्या घरातनं. वारं न्हाय तिथं मान न्हाय." तो वाकला आणि मायाप्पाच्या शेजारी धोंड्याच्या मोकळ्या कडेवर त्यानं नारळ वाढवला. खाड् करून आवाज झाला. पाणी उडून मायाप्पाच्या तोंडावर आलं.

"आप्पा, हे काय केलंसा?" मायाप्पा रडत ओरडला. त्यानं बापाचे हात झटकून टाकले आणि तो गर्दीतनं वाट काढत निघून गेला.

झटकलेले हात खाली आले. आणि खाली येताच उजव्या हाताचा अंगठा फिरायला लागला. लगमाण्णानं ते बघितलं. एवढ्यात कुणी बघितलं तर? वारं परत आलं म्हणतील, पोराला शोधून आणतील, पुन्हा बसवतील. त्यानं हात दाबून धरायला बघितला, तर दुसराही हालायला लागला. तेवढ्यात अंगावर धप्पकन काहीतरी पडलं. सिद्दाप्पानं आपल्या खांद्यावरचं घोंगडं त्याच्यावर टाकलं होतं, हातांसकट सगळं झाकलं जाईल असं.

"सरका, सरका!" सिद्दाप्पा सगळ्या माळाला ऐकू जाईल असा ओरडला. "अण्णाला थंडी वाजालीया! बघताय काय, वाट द्या!" आणि त्याला मिठीत धरल्यासारखा घरी घेऊन गेला. त्या वाटेतलं लगमाण्णाला एवढंच लक्षात राहिलं की भावाचे हात खांद्यावर घट्ट होते.

त्यानंतर लगमाण्णा जगला, बरीच वर्षं जगला, आणि सगळी भीत भीत जगला. माणसाला देव अंगातनं गेल्याचं दुःख असतं. ह्याला देव परत आलाय असं कुणाला दिसेल ह्याची धास्ती. वैशाखातल्या उन्हातसुद्धा हात घोंगड्याखाली. बोटांना धरता येत होती तोवर टकळी सोडली नाही, जेवतानासुद्धा मांडीवर. टकळी सुटायला लागल्यावर राजाबाई हातात दोरी द्यायची, वळत बसायला. पाया पडायला कुणी येत नव्हतं आता. मान गेलेलं घर म्हणून बाजारात लोक बोलायचे. मायाप्पा बापाशी बोलत नव्हता. मेंढरांचं बघायचा, बापाला आंबील पाजायचा, धोतर बदलायचा, सगळं करायचा. बोलायचा मात्र नाही. त्याला पोरगा झाला, तो बापाच्या मांडीवर आणून ठेवला, तेव्हाही नाही.

दुसरी लढाई संपली त्या वर्षी पावसानं ओढ दिली. मेंढरं मरायला लागली. वाडीत कुजबूज सुरू झाली, धोंड्यावरचा नारळ देवाला पोचत नाही म्हणून. आणि एका सकाळी नागोजी पुजारी पंचांना घेऊन लगमाण्णाच्या दारात आला.

"मायाप्पा, आमाला बघाय पायजे," नागोजी म्हणाला. "वारं परत उतरलं असंल तर मान परत तुमच्या घरात. देवानं पाऊस अडवून धरलाय."

लगमाण्णा कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसला होता. ते ऐकलं आणि त्याची बोबडी वळली, जेवढी काही बोली उरली होती तेवढी. मान परत. मायाप्पाचं डोकं, आणि त्याच्यानंतर त्याच्या पोराचं. नातू मांडीपाशी खेळत होता. खेळता खेळता त्यानं घोंगड्याचं टोक धरलं आणि ओढलं. एका बाजूनं घोंगडं घसरलं. लगमाण्णाला ते धरता आलं नाही. हात उघडा पडला. मांडीवर अंगठा नि बोट फिरत होती, फिरतच होती, आणि भीतीनं आणखी जोरात.

नागोजी नि पंच अजून अंगणाच्या कडेला वाकून जोडे काढत होते. मायाप्पानं बघितलं. त्यानं बापाचा हात बघितला, मग बापाचा चेहरा बघितला. मख्ख लाकडी चेहरा, आणि त्यावरनं ओघळणारं पाणी. बेळगावच्या बाजारात बापानं काय विचारलं होतं ते त्याला आठवलं. मग तो कट्ट्यावर बापाला लागून बसला, सहज बसल्यासारखा. घोंगडं दोघांच्या मांडीवर ओढून घेतलं आणि आत हात घालून बापाचा हात आपल्या मुठीत धरला.

"न्हाय वो," तो नागोजीला म्हणाला. "आमच्या घरात वारं न्हाय. आमाला कंदी मार... मान नगं आता आमाला."

नागोजी थोडा वेळ बसला, गूळ-पाणी घेतलं, पावसाच्या गोष्टी काढल्या. मायाप्पा हं-हं करत होता. नागोजी उठून पंचांसकट पांदीच्या वाटेवर दिसेनासा झाला तरी मायाप्पानं मूठ सोडली नाही.

"आप्पा," तो म्हणाला, "भिऊ नगासा."